पोस्टरवरचं पहिलं प्रेम

नाशिककराशी सिनेमाबद्दल बोलायला लागलात की पहिल्या पाच मिनिटांत दादासाहेब फाळके येणारच. त्र्यंबकेश्वरचा जन्म, पहिला चित्रपट, मग मुंबईहून नाशकात हलवलेलं बिऱ्हाड आणि कंपनी, वगैरे वगैरे. मीही नाशिककरच, त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो. पण मला फाळक्यांच्या सिनेमांपेक्षा त्यांची एक जाहिरात जास्त आवडते.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावात कॉरोनेशनमध्ये लागला आणि नंतर गावोगाव फिरायला निघाला. सुरतेत गाडी अडली. तिथल्या लोकांना दोन आण्यांत सहा-सहा तास नाटक बघायची सवय, आणि हे गृहस्थ तीन आणे घेऊन दीड तासात घरी पाठवणार! कोण येणार? तेव्हा फाळक्यांनी जाहिरातच बदलली. ५७,००० फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत. लोक आले.

आमच्या भाषेत सांगायचं तर ही शुद्ध स्पेसिफिकेशन शीट आहे. माल किती, दर काय, संपलं. गोष्टीबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे लपवाछपवीही नाही, कारण लपवण्यासारखं काही नव्हतंच. हरिश्चंद्राचं पुढे काय होतं हे सुरतेच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

पण पुढच्याच वर्षी, १९१४ साली, फाळक्यांनी नाशकात 'सत्यवान सावित्री' केला. आता जरा पुराणाची पोथी बाजूला ठेवून ही गोष्ट बघा. एक मुलगी स्वतः हिंडून स्वतःचा नवरा निवडते. मुलगा राज्य गेलेल्या घरातला, जंगलात लाकडं तोडणारा. वर एका वर्षात मरणार असं नारद सांगतात. बाप म्हणतो दुसरा बघ, मुलगी म्हणते हाच. ही काय पतिव्रतेची गोष्ट आहे? ही तर प्रेमकथा आहे, आणि चांगली हट्टी प्रेमकथा आहे! पण तिच्यावरचं लेबल पौराणिक पटाचंच. आईबापांनी मुलींना बरोबर घेऊन बघण्यासारखा.

तर आजचा विषय हा, लेबलाचा. कोवळ्या वयातल्या प्रेमाचे सिनेमे आपल्याकडे कसे विकले गेले, आणि विकताना काय दाखवलं, काय झाकलं. (परीक्षण नाही, त्यामुळे कुठला सिनेमा ग्रेट यावर भांडू नये. आणि शेवट फोडल्याची तक्रारही करू नये, यातला सगळ्यात नवा शेवटसुद्धा आता जुना झालाय.)

या धंद्याचे नियम पक्के झाले ते 'बॉबी'पासून, १९७३ साली. राज कपूर 'मेरा नाम जोकर'मध्ये चांगलेच बुडाले होते, स्टार परवडत नव्हते, म्हणून घरचा मुलगा आणि एक अगदी नवी मुलगी घेऊन त्यांनी सिनेमा काढला. अडचणीतून निघालेली ही युक्ती पुढे रीतच झाली. चेहरे नवे हवेत, कारण बघणाऱ्याला त्या जागी स्वतःला ठेवता आलं पाहिजे. गाणी आधी बाहेर आली पाहिजेत. आणि पोस्टरवर दोघंच, आजूबाजूला शक्यतो निसर्ग.

'बॉबी'ची ताकद सरकारलाही कळली होती. ६ फेब्रुवारी १९७७ ला दिल्लीत रामलीला मैदानावर विरोधकांची प्रचंड सभा होती, जयप्रकाश आणि नुकतेच काँग्रेस सोडलेले बाबू जगजीवनराम बोलणार होते. त्या संध्याकाळी लोकांनी घरीच बसावं म्हणून दूरदर्शनने 'बॉबी' लावला. लोक तरीही गेले, आणि दुसऱ्या दिवशी बाबूंनी बॉबीला हरवल्याची बातमी छापून आली. पण सभा फोडायला लाठ्यांऐवजी डिंपल पाठवावीशी वाटली, याहून मोठं प्रशस्तिपत्र जाहिरातवाल्याला कुठून मिळणार?

नियमांमधला सगळ्यात महत्त्वाचा नियम मात्र पोस्टरवर दिसत नाही. तो असा, की प्रेमाच्या आड येणारी भिंत ही पाडता येण्यासारखी, निदान बोलता येण्यासारखी असली पाहिजे. 'बॉबी'त भिंत श्रीमंती-गरिबीची, वर धर्माचा जरासा मसाला. 'एक दूजे के लिए'त (१९८१) भाषेची, तमिळ मुलगा आणि उत्तरेकडची मुलगी. 'मैंने प्यार किया'त (१९८९) परत पैशाची. आणि 'कयामत से कयामत तक'मध्ये खानदानी वैराची. या शेवटच्या उदाहरणात गंमत आहे. दोन्ही घरं ठाकुरांचीच. म्हणजे जातीच्या हिशेबाने पाहिलं तर या दोघांचं लग्न ठरवून करायलाही हरकत नव्हती! एवढ्या पोरांनी घरातून पळून जीव धोक्यात घातले, पण ज्या कारणासाठी आपल्याकडे खरोखर घरात आकांत होतो, ते कारण कुणाच्याच वाट्याला आलं नाही.

असो. 'कयामत'ची जाहिरात मात्र उत्तम होती. सिनेमा लागायच्या आधी पोस्टरं लागली, त्यावर चेहराच नाही. नुसता प्रश्न, की आमिर खान कोण? आणि खाली उत्तर, की शेजारच्या मुलीला विचारा. आमिर स्वतः राज झुत्शीला बरोबर घेऊन मुंबईतल्या रिक्षांवर पोस्टरं चिकटवत फिरत होता. सिनेमा लागला २९ एप्रिल १९८८ ला. तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. शेवट गोड असावा असं निर्माते नासिर हुसेन यांना वाटत होतं, पण दिग्दर्शक पोरगा, मन्सूर, दोघांना मारण्यावर अडून बसला. जिंकला पोरगा. पण त्या मरणाचा पोस्टरवर मागमूस नव्हता. डेमोमध्ये सगळं सुरळीत चाललेलंच दाखवायचं, क्रॅश होणारा भाग उघडायचाच नाही, हे आम्ही क्लायंटसमोर दर महिन्याला करतो, त्यामुळे मी काही बोलत नाही. :-)

नाशकात हे सगळं पोचायचं ते रंगवलेल्या फलकांवरून आणि भोंगा लावलेल्या रिक्षातून. सर्कल नाहीतर विजयानंदच्या काचेच्या पेटीत टाचण्यांनी लावलेले फोटो, आणि बाहेर फुटपाथवर गाण्यांची चोपडी. माझ्या आतेभावाकडे अशा चोपड्यांचा गठ्ठा होता. त्यात आधी 'कथासार' असायचं, आणि ते ऐन मोक्याच्या जागी तोडून पुढे काय झालं ते पडद्यावर पाहा असं सांगायचे. इतका प्रामाणिक ट्रेलर मी नंतर पाहिला नाही. निदान काहीतरी झाकलंय हे तरी तो कबूल करायचा.

या सगळ्या काळात मराठी सिनेमा काय करत होता? हसवत होता, आणि नंतर 'माहेरची साडी'पासून (१९९१) रडवत होता. कॉलेजातल्या किंवा शाळेतल्या पोरापोरींकडे तो फारसा वळलाच नाही. मराठी मुलांनी प्रेमात पडायचं ते हिंदीतच. पत्रातले शेर हिंदी, कॅसेट हिंदी, आणि नकार तेवढा मराठीत मिळायचा.

ही कोंडी फोडली ती एका कादंबरीने. मिलिंद बोकिलांची 'शाळा' २००४ ला आली आणि आमच्या हापिसात, म्हणजे मराठी पुस्तक हातात घेताना थोडं लाजणाऱ्या पब्लिकमध्येसुद्धा, ती फिरली. सुजय डहाकेचा सिनेमा २० जानेवारी २०१२ ला लागला. तो विकला गेला तो आठवणींच्या जोरावर. वह्या, बाकं, वेण्या, आणीबाणीच्या काळातलं गाव. हे विकत घेणारे चौदा वर्षांचे नव्हते, तिशी-चाळिशीतले होते. वयात येणाऱ्यांचा सिनेमा वय उलटून गेलेल्यांना विकायचा, ही नवी सोय होती. मग रवी जाधवचा 'टाईमपास' आला ३ जानेवारी २०१४ ला, आणि त्याने हाच माल खऱ्याखुऱ्या पोरांना विकून दाखवला. दगडूची शपथ रिक्षावाल्यांपासून केजीतल्या मुलांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी. आता याच्या मागे झीचा गट होता, म्हणजे घरचंच चॅनेल. गाणं आणि डायलॉग दिवसातून दहा वेळा दिवाणखान्यात वाजवायची सोय. पूर्वी रिक्षा गल्लीत यायची, आता ती थेट सोफ्यासमोर उभी राहायला लागली.

'टाईमपास'मधला दगडू झोपडपट्टीतला, प्राजक्ता संस्कारी घरातली, लेलेंची. आडनावं ऐकली की आपल्याला जे कळायचं ते कळतंच. पण भांडण दिसतं ते नापास मुलगा आणि कडक बाप यांचं. भिंत अजूनही बोलता येण्यासारखीच.

आणि मग सहा आठवड्यांत 'फँड्री'.

तारीख, १४ फेब्रुवारी २०१४. व्हॅलेंटाइन डे. पाठीशी पुन्हा झीच. प्रोमोमध्ये एक काळासावळा मुलगा, एक गोरी मुलगी, शाळेचा वर्ग, आणि अजय-अतुलचं एक झणझणीत गाणं. ते गाणं महिनाभर आधी गाजलं. नावही काय गोड, फँड्री. मराठी माणसाला त्याचा अर्थ माहीत असायचं कारणच नव्हतं. एखाद्या मुलीचं लाडाचं नाव असावं, किंवा 'फ्रेंड'चं गावठी रूप, असं काहीही समजा. मी तो नाशकातच पाहिला, पहिल्या शनिवारी. हॉलमध्ये कॉलेज रोडवरची जोडपी भरपूर, काहींच्या हातात आदल्या दिवसाचे गुलाब अजून शिल्लक.

आत काय होतं ते आता सगळ्यांना माहीत आहे. फँड्री म्हणजे डुक्कर, कैकाडी भाषेत. गाजलेलं गाणं सिनेमात नाहीच. ते फक्त जाहिरातीसाठी केलेलं. आणि प्रेमकथा म्हणाल तर जब्या आणि शालू यांच्यात एक धड संवाद होत नाही. जब्या चिमणीच्या मागे फिरतो, कारण तिची राख टाकली की मुलगी वश होते असं त्याला सांगितलंय. शेवटी तिच्यासमोर, सगळ्या शाळेसमोर, त्याला बापाबरोबर डुक्कर धरावं लागतं. लोक हसतात. मेलेलं डुक्कर बांधून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेले. आणि मग जब्या दगड उचलतो, आणि तो दगड सरळ कॅमेऱ्यावर येतो. म्हणजे आपल्यावर.

माझ्या पुढच्या रांगेतला एक जण दिवे लागल्यावर म्हणाला, "हे प्रोमोत नव्हतं राव." चिडला होता तो. फसवलं म्हणून. तेव्हापासून मी त्या वाक्यावर विचार करतोय. फसवलं हे खरंच. गुलाब घेऊन आलेल्याच्या अंगावर दगड आला. पण समजा पोस्टरवर लिहिलं असतं, की हा सिनेमा एका मुलाच्या जातीबद्दल आहे, त्यात तुम्ही हसणाऱ्यांच्या बाजूला उभे आहात, तिकीट अमुक रुपये. आम्ही गेलो असतो? मी माझ्यापुरतं सांगतो. मी तो शनिवार मित्रांबरोबर गंगापूर धरणावर घालवला असता, आणि पुढे केव्हातरी सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्याची बातमी वाचून "बघायला हवा" म्हटलं असतं. फाळक्यांनी सांगितलं ते खरं होतं आणि लोक आले. नागराज मंजुळेच्या पिक्चरचं खरं सांगितलं असतं तर लोक आले नसते. शंभर वर्षांत जाहिरातीच्या कलेत झालेला हा बदल जाहिरातवाल्यांमुळे झालेला नाही.

हाच डाव दोन वर्षांनी पुन्हा, पण दसपट मोठा. 'सैराट'. प्रदर्शन २९ एप्रिल २०१६. 'कयामत'च्या बरोब्बर अठ्ठावीस वर्षांनी, त्याच तारखेला. हा योगायोग असेल, पण मला आवडतो. बाकी सगळं 'बॉबी'च्या नियमांनी. मुलगा-मुलगी कोरी करकरीत. गाणी आधी, आणि साधीसुधी नाहीत, लॉस एंजेलिसला सोनीच्या स्टुडिओत वाद्यवृंद बसवून रेकॉर्ड केलेली. दोघं 'चला हवा येऊ द्या'मध्ये. प्रोमोत विहीर, उसाचा फड, बुलेट, ट्रॅक्टर. फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात सिनेमा दाखवला गेला तो 'जनरेशन' विभागात, चौदा वर्षांवरच्या मुलांसाठीच्या. म्हणजे लेबल तिथेही तेच.

थेटरात लोक 'झिंगाट'वर खुर्च्यांच्या मधे नाचले, पडद्यावर नाणी उधळली. मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले. मराठीत शंभर कोटींचा आकडा ओलांडणारा पहिला सिनेमा. सिनेमा पावणेतीन तासांहून लांब, आणि पोस्टरवर दिसला तो त्यातला जेमतेम पूर्वार्ध. नंतर हैदराबाद, झोपडी, डोशाची गाडी, संशय, संसार. आणि सगळ्यात शेवटी माहेरची माणसं भेटी घेऊन येतात, चहा होतो. त्यानंतर आवाजच नाही. ज्या अजय-अतुलना सिनेमाभर सिंफनी वाजवायला लावली त्यांना त्या शेवटात एक सूरही दिलेला नाही. लहान मूल रक्ताचे पाय उमटवत बाहेर जातं आणि हॉलमधली नाणी उधळणारी माणसं खाली मान घालून पायऱ्या उतरतात.

आता नाशिकचा भाग. हा मी आधी लिहू शकलो असतो, पण मुद्दाम इथे ठेवला. 'सैराट'च्या तीन वर्षं आधी, जून २०१३ मध्ये, आमच्या गावात एका बापाने आपल्या मुलीला घरातल्या आजारपणाची थाप मारून सासरहून बाहेर काढलं आणि रिक्षात गळा आवळून मारलं. तिने जातीबाहेर लग्न केलं होतं. तिचे दिवस भरत आले होते. जातीतले लोक त्या लग्नावरून बापाला बोलत होते, वाळीत टाकत होते. मंजुळेने शेवट कुठून शोधला असं विचारणाऱ्यांनी तो कॅलेंडरवर शोधावा. या खुनानंतर नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींना मूठमाती देण्याचं अभियान सुरू केलं ते नाशकातूनच. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. अभियान चालू राहिलं. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केला तो एप्रिल २०१६ मध्ये, म्हणजे ज्या महिन्यात 'सैराट' लागला त्याच महिन्यात. अमलात आला २०१७ मध्ये. त्या बापाला नाशिकच्या न्यायालयाने फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती कायम केली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वीस वर्षांच्या सक्तमजुरीवर आणली.

'सैराट' या शब्दाचं नंतर काय झालं ते बघण्यासारखं आहे. मुळात अर्थ काय, तर मोकाट, बेभान, सुसाट. पोस्टरवर तो याच अर्थाने होता, शेतातून धावणाऱ्या पोरांचा. २०१६ नंतर वर्तमानपत्रात तो मथळ्यात यायला लागला. अमुक तालुक्यात 'सैराट'ची पुनरावृत्ती, तमुक गावात पुन्हा 'सैराट'. वाचणाऱ्याला दुसरी ओळ वाचायची गरज नसते, कोण मेलं आणि कुणी मारलं ते कळतं. जाहिरातीने जे झाकलं तेच त्या नावाचा अर्थ होऊन बसलं. चांगल्या अर्थाचा 'सैराट' आता लग्नाच्या वरातीत तेवढा वाजतो. नवरा-नवरी एकाच जातीचे, पत्रिका जुळलेल्या, आणि समोर 'झिंगाट'वर काका नाचतायत.

हिंदीवाल्यांनी २०१८ मध्ये 'धडक' काढला. गाव उदयपूर, मुलगी श्रीदेवीची, आणि जात अशी काही पातळ केलेली की शेवटचा खून हा राजकारणातल्या बापाचा राग वाटावा. म्हणजे मंजुळेने पोस्टरवरून काढून सिनेमात ठेवलेली गोष्ट यांनी सिनेमातूनही काढली. लेबल आणि माल तंतोतंत जुळले!

उलटा प्रयोग झाला तो २०२५ मध्ये. १८ जुलैला 'सैयारा' आला. नवे चेहरे, गाणी आधी, आणि प्रदर्शनाआधी दोघांना मुलाखतींपासून लांबच ठेवलेलं. 'कयामत'च्या त्या बिनचेहऱ्याच्या पोस्टरचीच ही सुधारित आवृत्ती. पोरं थेटरात हमसून रडली, रडतानाचे व्हिडिओ काढले, तुफान चालला. त्यातली भिंत कसली, तर आजाराची. आजाराला जात नसते. दोनच आठवड्यांनी, १ ऑगस्टला, 'धडक २' लागला. तमिळ 'परियेरुम पेरुमाळ'वर बेतलेला, आणि यावेळी ट्रेलरमध्येच जात उघड होती. सेन्सॉर बोर्डाने त्यातले काही उल्लेख बदलायला लावले, पण जे उरलं तेही पुरेसं स्पष्ट होतं. समीक्षकांनी बरं लिहिलं. गर्दी मात्र अजून 'सैयारा'लाच होती.